मायनं चित्रं का कापली, हे लिहायचं राहिलं

मार्थाबाईंवर अन्याय झाला आहे. उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी, सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपून लोक दाराशी चपला शोधत होते तेव्हा. फादरांनी सगळ्यांना पुन्हा आत बोलावलं आणि एक कागद वाचला. आजपासून वाडीतल्या मुलांचं आणि मोठ्यांचं धर्मशिक्षण प्रकाश मास्तर घेतील, मार्थाबाईंनी पुष्कळ वर्षं सेवा केली, आता विश्रांती घ्यावी. पास्कानंतर, ईस्टर झाला की, बिशप दृढीकरणाचा संस्कार द्यायला येतील तेव्हा मास्तरांच्या वर्गाची हजेरी बघितली जाईल. हजेरी नसेल त्यांचं पुढच्या खेपेला. मग प्रकाश मास्तरांनी हात पुढं केला आणि मार्थाबाईंनी कंबरेला खोचलेली वर्गाच्या कपाटाची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्या "बरं" म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

मार्थाबाई माझी माय. चाकूर तालुक्यातल्या ज्या वाडीत हे झालं ती माझी वाडी. मी तिथं नव्हते. मी नांदेडात होते, आणि हे मला सुगंधाकाकूनं फोनवर सांगितलं.

वाडी सोडली त्या दिवशी माय मला चाकूरच्या स्टँडवर पोचवायला आली ती एकटी नाही, अख्खा वर्ग घेऊन. रविवार होता, शिकवण अर्धी झाली होती, आणि मधेच पोरांना घरी पाठवणं तिला पटलं नाही. पोरं, त्यांच्यातल्या दोघातिघांच्या आया, आणि लाजरसकाका. लाजरसकाका म्हणजे सुगंधाकाकूचा नवरा, तेव्हा चाळिशी ओलांडलेला, आणि तोही मायकडं पोरांच्या रांगेत बसून शिकणारा. नांदेडची गाडी लागली. कंडक्टरनं ही पलटण बघून कपाळाला हात लावला.

"मावशी, ही समदी चढणार का?"

"न्हाई बाबा, एकच चढणार. बाकीचे रडायला आलेत."

आणि खरंच तिनं त्यांना गीत म्हणायला लावलं. गाडीतली माणसं खिडकीतून वाकून बघायला लागली. मी लाजेनं अशी खाली बसले की अहमदपूर येईपर्यंत मान वर काढली नाही. चढताना ती मला एवढंच म्हणाली होती, "तितं शिकलेली मान्सं असतील. आपलं सांगताना लाजू नको, आन फुगवून बी सांगू नको." मी हं म्हटलं. माझं लक्ष सीटवर होतं.

आता मायचा वर्ग कसा असायचा ते सांगते, कारण तो ज्यांनी बंद केला त्यांनी तो कधी धड बघितलेला नाही.

आमच्या वाडीतली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. नवराबायको, पोरं, शेळी, तवा, सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. परततात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे नाताळ फडात, उपवासकाळ फडात. दुसऱ्या गावातल्या मुख्य चर्चचं धर्मशिक्षणाचं वेळापत्रक मात्र शाळेसारखं: जूनला सुरू, मार्चला परीक्षा. त्या वेळापत्रकात आमची पोरं कधी बसलीच नाहीत. त्यांच्या आईबापांचंही लहानपणी तेच झालेलं. बाप्तिस्मा झालेला, लग्नं झालेली, पोरं झालेली, आणि श्रद्धा पक्की करून घेण्याचा दृढीकरणाचा संस्कार मात्र राहून गेलेला. दर वेळी बिशप यायचे आणि दर वेळी ही माणसं कुठंतरी कोयता चालवत असायची.

मायला वाचता येत नाही. तिच्याकडं होती ती चित्रांची एक गुंडाळी. पूर्वी कुण्या परदेशी फादरांनी दिलेली, जाड कागदाची, मागून कापड लावलेलं, वर आणि खाली लाकडी दांडा. खुंटीला अडकवायची आणि एकेक चित्र उलटायचं. मेंढपाळ, उधळ्या पुत्र, पाच हजारांना भाकरी, झाडावर चढलेला जक्कय, शिष्यांचे पाय धुणारा येशू. मी त्या चित्रांवरच वाढले. मेंढपाळाच्या मेंढ्या आमच्याकडच्या मेंढरांपेक्षा फार स्वच्छ आहेत, ही माझी धर्माविषयीची पहिली शंका.

एका दिवाळीनंतर, ट्रॉल्या भरत असताना, मायनं कात्री घेतली आणि गुंडाळी कापली. सरळ, एकेक चित्र वेगळं. मी तेव्हा नववीत होते. मी ओरडले, "माय, अगं फादर काय म्हणतील!" ती म्हणाली, "खुटीला टांगून कुनाला दावू? भितीला?" आणि प्रत्येक घराला एकेक चित्र दिलं. हे तुमचं. फडात नेयाचं. रोज कोपीत, पाचटाच्या त्या खोपटात, लावायचं आणि पोरांना सांगायचं. स्वतःला येत नसेल तर जाण्याआधी माझ्याकडं बसून पाठ करायचं. म्हणून आमच्याकडं दसऱ्यापासून बाप आणि लेक एकाच चटईवर बसलेले दिसायचे. मोठ्यांचा वर्ग वेगळा नव्हता, कारण शिकवायचं कुणाला हे मोठ्यांच्या मांडीवरच बसलेलं असायचं.

परत आल्यावर प्रत्येक घरानं आपलं चित्र सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं. आधी पोरानं, मग बापानं नाहीतर आईनं. पोराला बापापेक्षा जास्त आलं तर बाप पुढच्या रविवारी पोरांच्या रांगेत बसणार, हा मायचा कायदा. लाजरसकाका त्या रांगेत कायमचाच बसलेला, कारण त्याची लेक हुशार. त्यांच्या घराला जक्कय आला होता. जक्कय म्हणजे तो बुटका जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, येशूला बघायला झाडावर चढलेला आणि येशूनं हाक मारताच बदललेला. लेकीनं बापाला सगळ्यांदेखत विचारलं, "बाबा, आपला मुकादम कवा चडंल झाडावर?" लाजरसकाका म्हणाला, "त्याला झाड लागंल वडाचं. पोट बगितलंस का त्याचं?" सगळी वाडी हसली. माय हसली नाही. तिनं फक्त तिचा नेहमीचा प्रश्न विचारला: "मंग?"

हाच तिचा सगळा अभ्यासक्रम. मंग? लाजरसकाका म्हणाला, "मंग काय. मुकादमानं मला लुटलं, मी कुनाला लुटलं ते बी बगावं लागंल की." त्यानं त्या वर्षी भावाच्या बांधावरचा दगड परत जागेवर सरकवला. हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे. ते कुठल्या हजेरीत लिहिलेलं नाही.

नांदेडला आले आणि मला दुसरंच जग दिसलं. मी घरकामगार बायकांच्या एका संघटनेत लागले. पत्रकं लिहायची, वाटायची, सभेला माणसं जमवायची. तिथल्या ताईंनी मला लिहायला शिकवलं: पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला ते, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं ते, मधे रडायचं नाही. मुदखेडच्या दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेतली. रविवारी चर्चला जायला लागले, आणि तिथलं धर्मशिक्षण बघून माझे डोळे विस्फारले. मुलांचे वयाप्रमाणे वेगवेगळे वर्ग, प्रोजेक्टर, छापील पुस्तकं, मोबाइलवर हजेरी. मोठ्यांसाठी शनिवारी संध्याकाळचा कोर्स, गोल मांडलेल्या खुर्च्या, चहा-बिस्किटं, ग्रुप शेअरिंग. मला ते आवडलं, हे कबूल करते. पुस्तकात माझं नाव घालून दिलं तेव्हा मी ते उशाशी घेऊन झोपले होते.

पण संशयाची सवय मला पत्रकांनी लावली आहे, ती चर्चच्या दाराशी चपलांसोबत काढून ठेवता येत नाही. एका शनिवारी एक बाई बोलली. तिचा मुलगा दारू पितो, तिच्यावर हात टाकतो, आणि तिला उधळ्या पुत्राची, बापानं माफ करून घरात घेतलेल्या त्या लेकाची, गोष्ट ऐकवत नाही. मग कोर्स घेणाऱ्या म्हणाल्या, "थँक यू, फार छान शेअरिंग," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या खुर्चीचा नंबर आला. मी वाट बघत होते की आता कुणीतरी मंग म्हणेल. कुणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. मीही टाळ्या वाजवल्या.

तर सुगंधाकाकूचा फोन. काकू या वर्षी गुडघ्यामुळे फडात गेली नव्हती, म्हणून तिनं ते सगळं बघितलं. "पोरी, तुजी माय घरी येऊन ज्वारी निवडायला बसली, आन निवडलेली ज्वारी पुन्यांदा निवडायली. तू ये." आणि मग आवाज बारीक करून, "आन आमच्या मान्साचं कसं? ते तर तिकडं हाय. हजेरी कुटून आनू? या खेपेला तरी बिशपच्या पुढं हुबं ऱ्हायाचं मनत होतं बिचारं."

मी ताबडतोब ठरवून टाकलं की हे प्रकाश मास्तरांचं काम आहे. प्रकाश मास्तर मुख्य चर्चच्या गावचे, कॉम्प्युटर क्लास चालवतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, वाडीतल्या पोरांना "बेटा" म्हणतात. नाताळच्या आधी ते वाडीत येऊन गेले होते, फोटो काढून गेले होते. माझा हिशेब जुळला. वर्ग बळकावायचा, नाव करायचं, मग चर्चच्या समितीत जायचं. फादरांचाही संशय घेतला: नव्या फादरांना जुनी बाई नको असते. समितीचा संशय घेतला: ज्यांच्या घरचं कुणी फडात जात नाही त्यांना ट्रॉलीतल्या माणसांचं धर्मशिक्षण कशाला पटेल? एका रात्रीत नाही, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी पत्रक लिहून काढलं. "मार्थाबाईंची किल्ली परत करा!" संघटनेच्या झेरॉक्सवर प्रती काढल्या, पिशवीत भरल्या आणि शनिवारी गाडी धरली.

मायनं पिशवी बघितली. "हे काय आनलंस?"

"वाचून दाखवते." वाचलं. ती ज्वारीच्या सुपावरून मान न उचलता ऐकत होती. प्रकाश मास्तरांना मी "किल्लीचोर" म्हटलं होतं. तिथं ती थांबली.

"त्यानं चोरली न्हाई. मी दिली."

"तू दिलीस कारण त्यांनी मागितली!"

"हाव. मागितली मनून दिली. आता तू त्याला चोर मनायलीस, आन उद्या त्याच्याच संगं रांगेत हुबं राहून परसाद घ्यायचाय मला. आदी फादरला इचार तरी, कामून केलं."

मी विचारायला गेले, पण विचारायला नाही, भांडायला. फादर मुख्य चर्चच्या ओसरीत बसले होते. प्रकाश मास्तरही होते, वह्यांवर नावं घालत. मी म्हटलं, "मार्थाबाईंविरुद्ध तक्रार कुणी केली ते मला कळलं पाहिजे. नाव पाहिजे. लेखी पाहिजे."

फादरांनी एक फाइल पुढं ओढली. "खरंच पाहिजे?"

"होय."

त्यांनी फाइल उघडली आणि एक कागद माझ्यापुढं सरकवला. नांदेडच्या चर्चनं घेतलेल्या युवा शिबिरातला, तिथून इकडं पाठवलेला फॉर्म. "तुमच्या मूळ गावी धर्मशिक्षण कसे चालते?" हा प्रश्न, आणि खाली निळ्या पेनानं, माझ्या अक्षरात: "शिक्षिका निरक्षर. पुस्तक नाही, हजेरी नाही. मोठी माणसे व मुले एकाच चटईवर. चित्रांची एकमेव गुंडाळी, तीही कात्रीने कापलेली. हे असे किती दिवस चालू देणार?"

शेवटची ओळ तर माझीच. दुसरं कुणी असं लिहीत नाही.

मी तो फॉर्म भरला होता आणि विसरून गेले होते. मला पुस्तकं हवी होती. वाडीला पुस्तकं यावीत, प्रोजेक्टर यावा, कुणीतरी लक्ष द्यावं. ताईंनी शिकवलेलं की परिस्थिती जेवढी वाईट दाखवाल तेवढं लवकर काम होतं. काम झालं. आणि एक गोष्ट मी त्या कागदावर लिहिली नव्हती, ती इथं लिहिते: ही निरक्षर शिक्षिका माझी माय आहे. शेजारच्या मुली आपापले फॉर्म भरत होत्या आणि एकमेकींच्या कागदात डोकावत होत्या. मी हातानं झाकून लिहिलं.

"हे वाचून मला मास्तरांना पाठवावं लागलं," फादर म्हणाले. "त्यांनी जाऊन बघितलं. दांड्याला एक चित्र लटकत होतं आणि चटईवर चार मुलं."

प्रकाश मास्तर हळूच म्हणाले, "ताई, मी जे दिसलं त्याचा फोटो काढला. खोटं काही नाही केलं."

"डिसेंबरात गेलात तुम्ही! डिसेंबरात वाडीत कोण असतं? चित्रं कुठं होती विचारलंत का?"

"नाही विचारलं," ते म्हणाले. मग, "तुम्ही पण लिहिलं नव्हतं."

मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कात्री, ट्रॉल्या, कोपी, जक्कय, बांधावरचा दगड. फादर ऐकत होते. खरं ऐकत होते की ऐकल्यासारखं करत होते, मला अजून कळलेलं नाही. शेवटी म्हणाले, "पास्काच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारपर्यंत फडातली बरीच माणसं परततात. त्या दिवशी मिस्सानंतर मी बसतो. ज्यांनी मार्थाबाईंकडून शिकलं त्यांनी येऊन सांगावं. मुलं, मोठी, बाहेरगावी गेलेली, कुणीही. कागद नको. तोंडानं. त्यावरून दृढीकरणाचं आणि वर्गाचं ठरवू." मी ते लिहून मागितलं. ते हसले आणि त्यांनी दिलं नाही. तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास आहे असं कुणी समजू नये.

घरी आले तेव्हा मायला सांगणं भाग होतं. मी फॉर्मवरची ओळ न ओळ तिला म्हणून दाखवली. मला वाटलं ती रडेल, नाहीतर बोलेल तरी. तिनं सूप खाली ठेवलं.

"खोटं कुटं हाय त्यात? मला वाचता येत न्हाई, खरं हाय. वही न्हाई, खरं हाय. चित्रं कापली, मीच कापली." मग म्हणाली, "कामून कापली ते लिवलं न्हाईस."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

ती माझ्याकडं बघत म्हणाली, "मंग?"

पत्रकं मी न्हाणीच्या चुलीत घातली. त्यांच्यावर पाणी तापलं. हे पानं भरून लिहायला घेतलं ते नांदेडला परत आल्यावर, त्या "मंग?"चं उत्तर म्हणून.

गाव सोडलेल्या आपल्या सगळ्यांबद्दल मला आता एक पक्का संशय आहे, आणि त्यात मी पहिली. आपण जातो, चार शब्द शिकतो, आणि मग त्या शब्दांनी गावाची माहिती देत सुटतो. फॉर्मवर, मुलाखतीत, ऑफिसात, चहा पिताना. काय नाही याची यादी आपल्याला तोंडपाठ असते. जे आहे ते सांगायला वेळ लागतो, आणि ऐकणाऱ्याला घाई असते, म्हणून आपण ते गाळतो. गाळलेल्या जागी दुसरं कुणीतरी येऊन किल्ली मागतं. पूर्वी घर म्हणजे मला सुटका करून घ्यायची जागा वाटायची. मग काही दिवस सुधारायची जागा वाटली. आता मला घर म्हणजे अशी जागा वाटते जिथं माझं लिहिलेलं मला तोंडावर वाचून दाखवता येतं आणि मला उठून जाता येत नाही. यात गोड काही नाही. पण इतकं माझं असं दुसरं काही माझ्याजवळ नाही. नांदेडची खोली नाही, नोकरी नाही, उशाशी घेतलेलं ते पुस्तकही नाही.

प्रकाश मास्तर वाईट माणूस नाही, असं माय म्हणते. असेलही. त्यांच्याकडं पुस्तकं आहेत, मायकडं माणसं आहेत, दोघं एका चटईवर बसली तर पोरांचं भलंच होईल. पण मायच्या हातात किल्ली परत आल्यावर ते बोलू. आधी नाही. आणि लाजरसकाका या खेपेलाही बिशपांपुढं उभा राहिला नाही, तर त्याचं कारण ऊस नसेल. माझा कागद असेल, आणि तुमची गैरहजेरी असेल.

तुमची म्हणजे तुमचीच. पुण्यात गेलात, हैदराबादला गेलात, लातुरात दुकानात लागलात, फडातून आत्ता परतायला निघालात. तुमच्यापैकी निम्मे जण हे वाचून "खरंय बिचारीचं" म्हणाल आणि मला अंगठ्याचं चित्र पाठवाल. पाठवू नका. मला तुमचा भरवसा नाही, तो तुम्ही येऊन मिळवा. झावळ्यांच्या रविवारी सकाळच्या मिस्साला मुख्य चर्चमध्ये या. लेकरांना घेऊन या. तुमच्या वाट्याला कोणतं चित्र आलं होतं आणि त्यानं तुमच्यात काय बदललं, ते आधी तुमच्या पोराला सांगू द्या, मग फादरांपुढं उभं राहून स्वतःच्या तोंडानं तुम्ही सांगा.